तार कुठे टेकते

नको असलेल्या आवाजांना नावे देण्याच्या बाबतीत मराठीत शब्दांची वानवा नाही. खरखर, खडखड, भणभण, घरघर, कुरकुर हे सारे शब्द आपापल्या जागी इतके पक्के बसलेले आहेत की घशाची घरघर दाराला चालत नाही आणि दाराची कुरकुर घशाला. गिटारच्या तारेतून, नेमक्या सुरालाच चिकटून, जो एक किरटा धातूचा आवाज कधी कधी निघतो त्याला मात्र आपल्याकडे स्वतंत्र नाव नाही. वाजवणारी मुले ‘बझ होतंय’ म्हणतात. सतार करणारे कारागीर ‘तार पडद्याला लागते’ असे म्हणतात आणि आमच्या मते हेच वर्णन अधिक उपयोगी आहे, कारण त्यात तक्रारीबरोबर तिचे कारणही आले. तार टेकू नये तिथे टेकते. ती कुठे टेकते एवढेच शोधायचे असते. सोयीसाठी आम्ही इथे खरखर हा शब्द वापरतो.

गिटारची दांडी पाहिली तर तिच्यावर धातूचे पडदे आडवे ठोकून बसवलेले दिसतात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, त्यामुळे ते थोडे वरखाली सरकवता येतात. गिटारच्या पडद्यांना ही मुभा नाही. बोटाने तार दाबली की ती त्या पडद्यावर टेकते आणि तिथून घोडीपर्यंतचा तुकडा कंप पावतो. सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ८२ वेळा हेलकावे घेते. या हेलकाव्याचा पसारा दोन्ही टोकांशी जवळजवळ नसतो आणि मध्यावर सर्वाधिक असतो. दाबलेल्या पडद्याच्या पुढचे सगळे पडदे मात्र तारेच्या खालीच असतात, जेमतेम मिलिमीटरच्या अंतरावर. त्यांतल्या एखाद्याला हेलकावणारी तार पुसटशी जरी थटली तरी खरखर सुरू. म्हणूनच उत्तम गिटारची दांडी अगदी सरळ नसते; ती किंचित, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास, अंतर्वक्र ठेवलेली असते. तारेच्या पोटाला तेवढी जागा हवी असते.

हे सर्व आम्हांला कळण्याचे कारण आमचा धाकटा भाऊ. तो नाणावलेला वादक नव्हे. कॉलेजच्या वाद्यवृंदात वाजवून सुरुवात केलेला आणि पुढे चाळीस वर्षे नोकरी सांभाळून रोज रात्री अर्धा तास वाजवणारा एक हौशी माणूस. त्याची गिटार कोलकात्यात बनलेली, १९८८ साली पगारातून पैसे बाजूला टाकून घेतलेली. गेल्या सप्टेंबरात त्याला अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पाय महिन्या-दोन महिन्यांत चालू लागला, डावा हात मात्र मागे राहिला. उजव्या हाताने वाजवणाऱ्याचा डावा हात म्हणजे तारा दाबणारा हात. मार्चमध्ये फिजिओथेरपीच्या बाईंनी स्वतःच सुचवले की रबरी चेंडू दाबण्यापेक्षा गिटार काढा, बोटांना ओळखीचे काम मिळेल. पेटी उघडली, तारा सुरात लावल्या, त्याने पहिला सोपा मेळ धरला आणि सहाच्या सहा तारांतून खरखर आली. तो म्हणाला, “दादा, हात गेलाय.” आणि गिटार पेटीत ठेवून दिली.

इथे एक अडचण होती. बोट पुरेसे दाबले गेले नाही, किंवा पडद्याच्या अगदी मागे न पडता दोन पडद्यांच्या मध्यावर पडले, तरी हुबेहूब हीच खरखर येते. म्हणजे दोष हाताचा की वाद्याचा हे आवाजावरून ओळखणे कठीण. एरवी हा प्रश्न फारसा गंभीर नसतो. दुसऱ्या कुणाला वाजवायला दिले की निकाल लागतो. परंतु धट्टाकट्टा पुतण्या ती गिटार घेऊन बसला आहे आणि ती त्याच्या हातात स्वच्छ वाजते आहे, हे दृश्य त्या घरात त्या आठवड्यात आम्हांला नको होते. त्याऐवजी कॅपो वापरला. कॅपो म्हणजे स्प्रिंगचा एक चिमटा. तो दांडीवर हव्या त्या पडद्यामागे लावला की सहाही तारा सारख्या जोराने दाबल्या जातात. गायकाच्या पट्टीत उतरण्यासाठी वादक त्याचा उपयोग करतात. पण दाब देणारे बोट मधून काढून टाकायचे असेल तर त्याच्याइतका निःपक्षपाती साक्षीदार नाही.

आम्ही कॅपो पहिल्या पडद्यावर लावला आणि एकेक तार छेडली. जाड तारा खरखरल्या. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर तेच. पाचव्यावर कमी. सातव्यापासून पुढे मात्र प्रत्येक तार स्वच्छ. मोकळ्या तारा तर सुरुवातीपासूनच स्वच्छ होत्या. याचा अर्थ उघड होता: पहिल्या चार-पाच पडद्यांपुरता दोष गिटारचा होता. पण मग त्याने स्वतः सातव्या पडद्यावर बोट ठेवून पाहिले आणि तिथेही खरखर आलीच. तिथे दोष बोटाचा होता. दोन दोष एकाच आवाजात बोलत होते आणि त्याने साहजिकच दोहोंचा भार आपल्या हातावर घेतला होता. त्या संध्याकाळी निदान वाटणी तरी झाली.

गिटारचा दोष आला कुठून? सहा महिने पेटी कपाटावर होती. लाकूड हवेतले पाणी घेते आणि सोडते. रेषांच्या दिशेने त्याची लांबी फारशी बदलत नाही, रेषांच्या आडव्या दिशेने मात्र ते फुगते नि आकसते. पावसाळ्यात गिटारची वरची फळी, सतारवाल्यांच्या भाषेत तबली, फुगून वर येते. घोडीही वर उचलली जाते आणि तारा दांडीपासून दूर जातात. तेव्हा वादक ‘तारा कडक झाल्या’ म्हणून कुरकुरतो. कोरड्या दिवसांत तबली आकसून खाली बसते, तारा पडद्यांजवळ येतात आणि खरखर सुरू होते. गिटारला पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते, आणि पुण्याच्या मार्च-एप्रिलातल्या दुपारी ती याच्या कितीतरी खाली असते. दुकानदार हे फारसे सांगत नाहीत. आम्ही ज्या एका दुकानात सुरुवातीला गेलो तिथे तर गिटार पेटीतून पुरती बाहेरही न काढता ‘आता ही टाकून द्या, नवीन घ्या’ असा सल्ला मिळाला. असो. एका साबणाच्या डबीला भोके पाडून तिच्यात ओला करून पिळलेला स्पंज ठेवला, ती डबी पेटीत गिटारशेजारी ठेवली आणि पंधरा दिवस थांबलो. ओला स्पंज लाकडाला लागू द्यायचा नाही, एवढे एकच पथ्य.

पंधरा दिवसांनी तबली वर आली. मग तारा बदलल्या. जुन्या संचाचा एकूण ताण सुमारे सत्तर किलो असावा. त्याऐवजी बारीक तारांचा संच घातला, तो साठच्या आसपास. (एका पातळशा लाकडी पेटीवर आपण एका माणसाचे वजन कायमचे टांगून ठेवतो, हे गिटारकडे पाहताना कधी लक्षात येत नाही.) बारीक तार दाबायला हलकी, आणि आम्हांला हवे होते ते हेच. मात्र सैल ताणाची तार हेलकावे मोठे घेते, म्हणजे खरखरीला आमंत्रण. शिवाय ताण घटला की तारांच्या ओढीने पुढे वाकलेली दांडी थोडी मागे सरकते नि अधिक सरळ होते. एका उपायाने दुसरी तक्रार जन्माला येते हा अनुभव त्या दोन महिन्यांत आम्हांला इतक्या वेळा आला की औषधांच्या चिठ्ठीची आठवण व्हावी. तिथेही रक्त पातळ करणारी गोळी होती आणि तिच्यामुळे पोटासाठी आणखी एक.

आता दांडी. पहिल्या पडद्यावर कॅपो, चौदाव्यावर बोट, म्हणजे मधली तार ही आयतीच सरळ पट्टी झाली. सातव्या पडद्याच्या माथ्यापासून तिचे अंतर मोजायचे. मोजण्यासाठी मोटार दुरुस्तीवाल्यांकडे असते ते पातळ पात्यांचे फीलर गेज उत्तम. आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याने ते दिले, आणि गिटारला काय व्हॉल्व्ह असतात का, असे विचारले. सर्वांत पातळ पातेही आत शिरेना. दांडी अंतर्वक्र तर नव्हतीच, जवळपास सपाट झाली होती. पहिल्या पाच पडद्यांवरची खरखर आणि पुढची स्वच्छता हे या दोषाचे ठरलेले लक्षण आहे.

दांडीच्या पोटात एक पोलादी गज असतो. गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या थॅडियस मॅकह्यू यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बेताप्रमाणे आवळता-सैल करता येणारा असा गज योजला, आणि पुढे पोलादी तारांच्या गिटारींमध्ये तो रूढ झाला. गज आवळला की दांडी मागे जाते, सैल केला की तारांची ओढ तिला पुढे वाकवते. स्वस्त जुन्या गिटारींत तो पुष्कळदा फिरवता येत नाही. आमच्या सुदैवाने हिच्यात येत होता. षट्कोनी चावीने घड्याळाच्या उलट दिशेला पाव फेरा, त्याहून जास्त नाही. लाकूड लगेच उत्तर देत नाही, म्हणून मग दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहायची. दुसऱ्या दिवशी ०.२ मिलिमीटरचे पाते तारेला न हलवता आत गेले. कॅपो पुन्हा पहिल्या पडद्यावर लावला. खरखर नव्हती.

सर्वसाधारण वादकासाठी गोष्ट इथे संपली असती. आमच्यासाठी ती इथे सुरू झाली, कारण दांडी वाकल्याने तारा आणखी उंच गेल्या होत्या आणि हाताचे काम वाढले होते. बाराव्या पडद्यावर, म्हणजे तारेच्या बरोबर मध्यावर, जाड तारेची उंची २.९ मिलिमीटर भरली. अडीचच्या आतबाहेर असेल तर निरोगी हाताला ती चालते. आमच्या भावाच्या तर्जनीला मात्र दोनच्या वरचे काही झेपत नव्हते.

अशा वेळी पहिला मोर्चा वळवायचा तो दांडीच्या वरच्या टोकाशी असलेल्या खाचांच्या पट्टीकडे. सुरुवातीच्या दोन-तीन पडद्यांवर तार किती कडक लागते हे बव्हंशी या खाचांच्या खोलीवर ठरते. तपासणी सोपी आहे: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्यांमध्ये दाबून पहिल्या पडद्यावर ती किती उचललेली दिसते ते पाहावे, कागद सरकेल इतपत फट असावी. हिच्यात त्याच्या तिप्पट-चौपट होती. मोकळ्या तारा इतक्या स्वच्छ का वाजत होत्या याचेही उत्तर त्यातच होते. कारखान्यातून निघताना खाचा उथळ ठेवण्याची पद्धत आहे, कारण गिऱ्हाईक कडकपणाची तक्रार करत नाही, खरखरीची करतो. छत्तीस वर्षे आमचा भाऊ या उथळ खाचांशी झुंजत वाजवत आला होता आणि आपला हातच जड आहे असे समजत होता! बारीक कानशीने एकेक खाच थोडी थोडी उतरवली. (खाच चुकून जास्त खोल गेली तर खाण्याचा सोडा भरून वर फेविक्विकचा थेंब टाकतात, ते मिश्रण क्षणात दगडासारखे होते आणि पुन्हा घासता येते.) मग घोडीवरची हाडाची पट्टी. इथे एक साधे गणित आहे. तारेच्या मध्यावर उंची जेवढी कमी करायची त्याच्या दुप्पट टोकाशी काढावी लागते. ०.९ मिलिमीटर हवे होते म्हणून पट्टी १.८ मिलिमीटर घासायची, तीही सपाट काचेवर पॉलिश पेपर पसरून, बूड काटकोनात ठेवून. हे काम आम्ही मिरजेत एका तंबोरे करणाऱ्या कारागिरांकडून करून घेतले.

मिरजेची ही परंपरा जुनी आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये करायला सुरुवात केली. पुढे त्या घराण्याला सतारमेकर हेच नाव पडले. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे अजूनही इथे येतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आम्ही गेलो तेव्हा ते कारागीर एका तंबोऱ्याची जवारी लावत होते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिची पाठ इतकी थोडी उतरती असते की डोळ्यांना ती सपाटच भासावी. तार तिच्यावरून निघताना एका बिंदूपाशी सुटत नाही. हेलकाव्यागणिक घोडीला चाटत, टेकत, सुटत राहते. तारेखाली सुताचा एक धागा सरकवत नेमकी जागा शोधायची. ती सापडली की आतापर्यंत मुका असलेला स्वर एकदम उमलून येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना याच गोष्टीकडे लक्ष वेधले होते. यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नियमाप्रमाणे तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू येतो तो उपस्वर आवाजात असायला नको. तंबोऱ्यात तो असतो, ठणठणीत असतो. घोडीला टेकणे हेच त्याचे कारण. म्हणजे भौतिकदृष्ट्या पाहिले तर गिटारमधील व्याधी आणि तंबोऱ्यातील प्राण या सख्ख्या बहिणी आहेत.

या साम्याचा मोह मोठा आहे. लेखणी हाती असलेल्या माणसाला तर तो आवरत नाही. दोषालाच गुण मानावे, वैगुण्याचेच सौंदर्य करावे, असे काहीतरी लिहून मोकळे व्हावेसे वाटते. पण ते खरे नाही. जवारीत तार कुठे टेकणार हे कारागीर ठरवतो, आणि ती प्रत्येक हेलकाव्यात तिथेच टेकते. गिटारच्या पडद्याला ती वाटेल तेव्हा थटते आणि स्वराचे बळ खाऊन टाकते. कारागिरांनी गिटार कानाशी घेतली, तार छेडली आणि ‘ही जवारी नव्हे, ही ठेच आहे’ एवढेच म्हणून पट्टी घासायला घेतली. आमच्या भावाला अशाच धर्तीचे दुसरे एक सांत्वन वरचेवर मिळत असे, ते म्हणजे जँगो राइनहार्टचे. १९२८ च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटे निकामी होऊनही तो उरलेल्या दोन बोटांनी युरोप गाजवणारा वादक झाला, हे त्याला भेटायला येणाऱ्या निदान चौघांनी सांगितले. तो तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि याची साठी उलटली आहे, हे कुणी सांगितले नाही. हवाईयन गिटार घ्यावी, तिच्यात तार पडद्यापर्यंत दाबावीच लागत नाही, नुसता पोलादी तुकडा तारेवरून सरकवायचा, ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले, असाही एक सल्ला आला. तो मात्र विचार करण्याजोगा होता. पण तो पोलादी तुकडाही डाव्याच हातात धरावा लागतो.

मिरजेहून परत आलो तेव्हा बाराव्या पडद्यावर बरोबर दोन मिलिमीटर उंची होती. तारा इतक्या खाली आल्यावर आतापर्यंत झाकलेला एक दोष उघडा पडला: तिसरी तार चौथ्या पडद्यावर दाबली की खरखरे. एकाच जागी खरखर म्हणजे पुढचा पडदा उंच. लहान सरळ पट्टी तीन पडद्यांवर आडवी टेकवली आणि ती मधल्यावर झोकांडली की तोच चोर. पाचव्याचे एक टोक खाचेतून वर आले होते. लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकल्यावर ते बरेचसे बसले. आणखी एक खुळखुळ फक्त ‘ए’ या स्वरालाच येई, कुठल्याही तारेवर वाजवला तरी. ती तारेची नव्हतीच. खुंटीचा एक नट सैल होता. पान्ह्याच्या अर्ध्या फेऱ्यात गेली.

मग आमच्या भावाने विचारले, अजून खाली जाते का?

जाते. पण त्यासाठी सगळे पडदे एका पातळीत घासून पुन्हा गोल करावे लागतील. तरीही जोराने छेडले तर खरखर येणारच. दीड-पावणेदोन मिलिमीटरवर पोलादी तारांची साधी गिटार जोर सहन करत नाही. त्याने थोडा वेळ बोटे उघडमीट केली आणि म्हणाला, “जोर लावायचाय कुणाला?” पट्टी आणखी थोडी घासली. १.७ मिलिमीटर. जाड तारेवर खरखर परत आली. नखाने मारली तर येते, बोटाच्या पेराने छेडली तर येत नाही. घोडीच्या जवळ छेडली तर आणखी कमी, कारण तिथे हेलकावा लहान राहतो. तार वर उचलून सोडण्याऐवजी तबलीला समांतर, आडवी ढकलली तर जवळजवळ नाहीच. चाळीस वर्षे तो उजव्या हाताने वाद्यवृंदातल्यासारखा सपासप मारत आला होता. आता तो धडधाकट हातच नव्याने शिकतो आहे, डाव्याच्या सोयीसाठी.

सातव्या पडद्यावर त्याच्या अनामिकेखाली अजून खरखर येते. कॅपो लावला तर येत नाही. दर रविवारी तो दोन्ही करून पाहतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने काहीतरी खूण करतो. ती आम्ही विचारलेली नाही.

पाऊस सुरू झाला की तबली फुगेल आणि तारा पुन्हा वर जातील. म्हणून मिरजेहून दुसरी एक पट्टी मागवली आहे, पहिलीपेक्षा अर्धा मिलिमीटर बुटकी. दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्याच, तेव्हा तिच्या बुडावर त्याने डाव्या हाताने, वेळ लागला तरी चालेल म्हणत, ‘आषाढ’ असे लिहायचे ठरवले आहे.